खिडकीतला हरवलेला उकार

फिनलंडमधल्या एखाद्या शाळेत बाई मुलाला खिडकी लावायला सांगतात, तेव्हा खिडकीसाठी त्या ‘इक्कुना’ हा शब्द वापरतात. त्या मुलाला हा शब्द ‘पाणी’ किंवा ‘हात’ या शब्दांइतकाच घरचा वाटतो. पण तो मूळचा फिनिश नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी, आजच्या रशियनांचे पूर्वज जी भाषा बोलत होते तिच्यातून तो आला.

आजच्या रशियनमध्ये खिडकीला ‘ओक्नो’ म्हणतात. हे दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहा: ओक्नो, इक्कुना. नाते तर दिसते आहे. पण एक गोष्ट खटकते. रशियन शब्दात ‘क’ आणि ‘न’ एकमेकांना चिकटलेले आहेत. फिनिश शब्दात मात्र त्यांच्यामध्ये एक उकार बसला आहे. देणाऱ्याकडे जे नाही ते घेणाऱ्याकडे कुठून आले?

पहिले उत्तर चटकन सुचते. फिनिश लोकांना जोडाक्षर जड गेले असेल, म्हणून त्यांनी मध्ये एक स्वर घालून घेतला असेल. आपल्याकडे नाही का ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होत? उत्तर ठीक वाटते, पण शास्त्रात एका उदाहरणावर थांबायचे नसते. म्हणून दुसरा शब्द घेऊ. रशियनमध्ये चमच्याला ‘लोझ्का’ म्हणतात, फिनिशमध्ये ‘लुसिक्का’. इथेही फिनिश शब्दात एक स्वर जास्त आहे, पण तो उकार नाही, इकार आहे. शिवाय रशियन ‘लो’च्या जागी ‘लु’ आहे. नुसती फट बुजवण्यासाठी स्वर घातला असता तर एके ठिकाणी उ आणि दुसऱ्या ठिकाणी इ कशाला आला असता? यामागे काहीतरी नियम असला पाहिजे.

जुन्या पानांची साक्ष

हा नियम जुन्या रशियन हस्तलिखितांत सापडतो. तिथे खिडकी हा शब्द आजच्यासारखा लिहिलेला नसतो. ‘क’ आणि ‘न’ यांच्यामध्ये एक वेगळे अक्षर असते. हे अक्षर अतिशय आखूड, निसटत्या ‘उ’चे चिन्ह होते. त्याच्या जोडीला निसटत्या ‘इ’साठीही असेच एक अक्षर होते. म्हणजे शब्द होता साधारण ‘ओकुनो’. चमच्याचा शब्द होता साधारण ‘लुझिका’, त्यात पहिला स्वर निसटता उ आणि दुसरा निसटता इ. आता फिनिश ‘लुसिक्का’ पुन्हा वाचा. दोन्ही स्वर आपापल्या जागी आहेत. फिनिश लोकांनी काहीही भर घातली नव्हती. त्यांनी जे ऐकले तेच उचलले.

हे आखूड स्वर खरोखर उ आणि इ होते याला एक साक्षीदार आपल्या घरातलाही आहे. संस्कृतात मुलाच्या बायकोला ‘स्नुषा’ म्हणतात. मराठी ‘सून’ त्यातूनच आली. जुन्या स्लाव्ह भाषेत सुनेला ‘स्नुखा’ म्हणत आणि त्यातला उ हा तोच निसटता उ होता. संस्कृत आणि स्लाव्ह या दूरच्या बहिणी असल्यामुळे दोघींकडे हा शब्द वडिलोपार्जित आला आहे. आजच्या रशियनमध्ये तो ‘स्नोखा’ झाला आहे. संस्कृतातल्या उकाराच्या जागी जुन्या स्लाव्हमध्ये हे अक्षर येते, आणि फिनिशमध्ये गेल्यावर तिथेही उकारच दिसतो. साक्षी जुळल्या.

मग रशियनमधला उकार गेला कुठे? साधारण अकराव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान हे दोन्ही निसटते स्वर पूर्व स्लाव्ह बोलींतून नाहीसे झाले. मात्र सगळीकडे सारखे नाहीत. पुढच्या अक्षरात पूर्ण स्वर असेल तर निसटता स्वर गळून जाई. पुढेही निसटताच स्वर असेल तर पहिला टिके आणि बळकट होऊन उचा ओ, इचा ए होई. ‘ओकुनो’मध्ये पुढे ‘नो’ हा पूर्ण स्वर आहे, म्हणून उ गळला आणि ‘ओक्नो’ उरले. पण रशियनमध्ये ‘पाच खिडक्या’ म्हणायचे असेल तर शब्दाचे षष्ठीचे अनेकवचन लागते. ते आहे ‘ओकोन’. जुन्या काळी या रूपाच्या शेवटीही एक निसटता स्वर होता. तो गळला आणि त्याच्या आधीचा उ बळकट होऊन ‘ओ’ झाला. एकवचनात मेलेला स्वर अनेकवचनात असा वेष पालटून जिवंत राहिला आहे.

मराठीच्या शिक्षकांना हे अगदीच अनोळखी वाटू नये. ‘माणूस’ला प्रत्यय लावला की ‘माणसाला’ होते, ‘कापूस’चे ‘कापसात’ होते, ‘लाकूड’चे ‘लाकडाचा’. प्रत्ययाचा भरभक्कम स्वर आला की मधला ऊ अंग चोरतो. नियम तोच नाही, कारणेही वेगळी आहेत. पण शब्दाच्या एका रूपात दिसणारा स्वर दुसऱ्या रूपात दिसत नाही, हा अनुभव आपण रोज घेतो.

भूर्जपत्रांवरचा पुरावा

स्वर नाहीसा कधी झाला हे कळायला एक सुंदर साधन मिळाले. वायव्य रशियात नोव्हगोरोद नावाचे जुने व्यापारी शहर आहे. तिथल्या दमट, हवाबंद चिखलात लाकूड आणि साल शतकानुशतके कुजत नाही. २६ जुलै १९५१ रोजी तिथल्या उत्खननात भूर्ज वृक्षाच्या सालीवर टोकदार लेखणीने कोरलेले पहिले पत्र सापडले. त्यानंतर अशी अकराशेहून अधिक पत्रे मिळाली. आपल्याकडे हिमालयातल्या भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहीत. रशियन ‘बेर्योझा’ आणि संस्कृत ‘भूर्ज’ ही एकाच मुळाची नावे आहेत.

या सालींवर पोथ्या नव्हत्या. उधारी, निरोप, भांडणे, घरगुती मागण्या असे सगळे होते. लिहिणारे साधे लोक, त्यामुळे ते व्याकरण सांभाळण्यापेक्षा तोंडी येईल तसे लिहीत. निसटता स्वर बोलण्यातून जाऊ लागला तशी त्यांची चिन्हेही गोंधळू लागली. बाराव्या-तेराव्या शतकांतल्या कितीतरी पत्रांत निसटत्या उच्या जागी ओ आणि ओच्या जागी निसटता उ सर्रास लिहिलेला आढळतो. विद्यार्थ्यांच्या चुका तपासताना शिक्षकांना त्यांचा खरा उच्चार कळतो, तसेच हे आहे. अशुद्धलेखन हा भाषेच्या इतिहासाचा मोठा पुरावा असतो.

या पत्रांत ओन्फिम नावाच्या मुलाच्या सालीही आहेत. काळ तेराव्या शतकाचा मध्य, मुलगा सहा-सात वर्षांचा असावा. त्याने सालीवर बा, वा, गा, दा अशी बाराखडी घोटली आहे आणि कंटाळा आल्यावर घोडेस्वार काढला आहे. १९५७ साली याच शहरात आणखी एक साल सापडली. तिच्यावरची लिपी रशियन, पण भाषा फिनिशच्या जवळची, कारेलियनसारखी. ती तेराव्या शतकातली आहे आणि त्या भाषाकुळातला हा सर्वांत जुना ज्ञात मजकूर आहे. मजकूर मंत्रासारखा आहे, त्यात ‘देव’ आणि ‘बाण’ हे शब्द ओळखता येतात. दोन भाषा बोलणारे लोक एकाच शहरात वावरत होते याचा हा हाती धरता येईल असा पुरावा आहे.

गमतीची गोष्ट म्हणजे त्या निसटत्या उचे अक्षर स्वर मेल्यावरही मेले नाही. शब्दाच्या शेवटी, काहीही न उच्चारता, ते रशियन लेखनात सातशे वर्षे तसेच लिहिले जात राहिले. रशियन क्रांतीनंतर १९१८ मध्ये लेखनसुधारणा अमलात आली तेव्हा शब्दाच्या शेवटचे हे मुके अक्षर काढून टाकण्यात आले.

शब्द आला केव्हा?

आता हिशेब सरळ आहे. फिनिश ‘इक्कुना’त उकार आहे. म्हणजे शब्द घेतला गेला तेव्हा देणाऱ्याच्या तोंडी उकार होता. तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत संपला. तेव्हा शब्द त्याआधीचा असला पाहिजे.

दुसरी खूण याहूनही मागे नेते. जुन्या फिनिश लेखनात आणि काही बोलींत खिडकीला ‘अक्कुना’ म्हणत. शेजारच्या एस्टोनियन भाषेत ‘आकेन’ आहे. म्हणजे मूळच्या ‘ओ’च्या जागी इथे ‘आ’ येतो. कुणी म्हणेल, आजचे मॉस्कोचे लोक आघात नसलेला ओ अकारासारखाच उच्चारतात, त्याचे हे प्रतिबिंब असेल. पण ती सवय नंतरची आहे आणि उत्तरेकडच्या जुन्या रशियन बोलींत ती नाहीच. शिवाय पावटा-घेवड्याच्या दाण्याला जुन्या रशियनमध्ये ‘बोब’ म्हणत, फिनिशमध्ये तो ‘पापु’ झाला. तिथला ओ आघाताचाच आहे, तरी तो आ झाला. याचा अर्थ असा की शब्द घेतला गेला तेव्हा स्लाव्ह ओचा उच्चार आजच्यापेक्षा आकडे झुकलेला होता. बऱ्याच नंतर आलेल्या ‘तोल्क’ (अर्थ, समज) या रशियन शब्दाचे फिनिशमध्ये ‘तोल्क्कु’ झाले आहे. तिथे ओ हा ओच राहिला आहे. एका स्वरावरून शब्दांचे जुने आणि नवे थर असे वेगळे काढता येतात. फिनिश विद्वान योसेप्पी मिक्कोला यांनी १८९४ मध्ये याच रीतीने स्लाव्ह आणि पश्चिम फिनिश भाषांच्या संपर्काचा अभ्यास प्रसिद्ध केला.

या जुन्या थरात कोणते शब्द आहेत ते पाहिले की त्या काळचे जीवन डोळ्यांसमोर येते. ‘तावारा’ म्हणजे माल, ‘मॅऍरॅ’ म्हणजे माप, ‘सिर्प्पी’ म्हणजे विळा, ‘वॅर्त्तिनॅ’ म्हणजे सूत कातायची चाती, चमचा आणि खिडकी. बाजार, शेत आणि घर या तिन्ही ठिकाणी शेजाऱ्यांचा संबंध आला होता. त्यावेळची खिडकी काचेची नव्हती. लाकडी ओंडक्यांच्या भिंतीत लहानसे भोक पाडून ते आतून सरकत्या फळीने बंद करीत. धुराड्याविना चूल पेटवायच्या घरात धूर त्यातूनही बाहेर जाई. वस्तू नवी, म्हणून तिच्याबरोबर तिचे नावही आले.

आणि आणखी चार शब्द आहेत, ज्यांनी इतिहासकारांना विचार करायला लावले. ‘रिस्ती’ म्हणजे क्रूस, ‘पाप्पी’ म्हणजे पाद्री, ‘पाकाना’ म्हणजे ख्रिस्ती नसलेला माणूस, ‘रामात्तु’ म्हणजे बायबल. फिनलंडच्या पारंपरिक इतिहासात ख्रिस्ती धर्म पश्चिमेकडून, स्वीडनच्या राजा एरिक आणि बिशप हेन्रीबरोबर बाराव्या शतकाच्या मध्यास आला असे सांगत. पुढे देश रोमच्या चर्चकडे आणि नंतर लूथरपंथाकडे राहिला. पण धर्माचे हे अगदी मूळचे शब्द पूर्वेकडचे, स्लाव्ह भाषेतले आहेत. राजा आणि बिशप यांच्या आधी पूर्वेकडचे व्यापारी आणि शेजारी क्रूस घेऊन येऊन गेले होते, हे शब्द सांगतात. यातल्या ‘रामात्तु’चा प्रवास तर लांबचा आहे. ग्रीक ‘ग्रामाता’ म्हणजे अक्षरे, त्यावरून स्लाव्ह ‘ग्रामोता’ म्हणजे लेख, आणि त्यावरून फिनिशमध्ये धर्मग्रंथ. भूर्जाच्या सालीवरच्या त्या पत्रांनाही रशियनमध्ये ‘ग्रामोता’च म्हणतात.

घरचा झाला कसा?

शब्द सीमा ओलांडतो तेव्हा तो एकटाच येतो. आपल्या विभक्ती, आपले लिंग तो मागे ठेवतो. रशियन ‘ओक्नो’ नपुंसकलिंगी आहे आणि त्याची सहा विभक्तींत रूपे होतात. फिनिशमध्ये लिंग नाहीच. ‘तो’ आणि ‘ती’ यांसाठीसुद्धा एकच शब्द आहे. पण विभक्ती तब्बल पंधरा मोजतात. त्या सगळ्या या पाहुण्याला लागल्या. खिडकीचा म्हणजे ‘इक्कुनान’. खिडकीच्या आत असेल तर ‘इक्कुनास्सा’, आतून बाहेर येत असेल तर ‘इक्कुनास्ता’. खिडकीपाशी ‘इक्कुनाल्ला’, खिडकीपासून ‘इक्कुनाल्ता’, खिडकीकडे ‘इक्कुनाल्ले’. एखाद्या भोकाची खिडकी केली तर ‘इक्कुनाक्सी’. अनेकवचनात मूळ शब्दाचा शेवटचा आ बदलून ओ होतो आणि ‘खिडक्यांत’ला ‘इक्कुनोइस्सा’ म्हणतात. आपणही ‘खिडकी’ला ‘त’ लावताना अनेकवचनात ‘खिडक्यां’ असे सामान्यरूप करतोच.

फिनिशमध्ये प्रत्ययाचा स्वरही शब्दाकडे पाहून ठरतो. ‘इक्कुना’ला ‘स्सा’ लागतो, पण ‘वॅर्त्तिनॅ’ला ‘स्सॅ’. शब्दात आ-उ-ओ या घराण्यातले स्वर असतील तर प्रत्ययही त्याच घराण्यातला. परक्या शब्दांनी हा स्वरांचा मेळ पहिल्यापासून पाळला.

त्याहून कडक नियम व्यंजनांचा आहे. शब्दाचे शेवटचे अक्षर प्रत्ययामुळे व्यंजनान्त झाले की त्या अक्षराच्या सुरुवातीचे व्यंजन नरम पडते. दुहेरी असेल तर एकेरी होते: पाद्री ‘पाप्पी’, पण पाद्र्याचा ‘पापिन’. चमचा ‘लुसिक्का’, चमच्याचा ‘लुसिकान’. एकेरी असेल तर आणखी बदलते: ‘पापु’चे षष्ठीत ‘पावुन’ होते. मग ‘इक्कुना’चे ‘इकुनान’ का होत नाही? कारण तिथला दुहेरी क शेवटच्या अक्षरात नाही, मधल्या ‘कु’त आहे. प्रत्यय ‘ना’ला लागतो, ‘कु’ला त्याची झळ पोचत नाही. अपवाद वाटतो तोही नियमच आहे.

या रूपांतच शब्दाचे वय लपलेले असते. स्वीडिशमधून जुन्या काळी आलेल्या रस्त्याला फिनिशमध्ये ‘कातु’ म्हणतात. त्याची षष्ठी ‘कादुन’ होते, त नरम पडून द होतो. विसाव्या शतकातल्या ‘औतो’ या मोटारीच्या शब्दाची षष्ठी मात्र ‘औतोन’च होते. तो एकेरी त कुणी द करीत नाही. जुन्या पाहुण्यांना घरचे सगळे नियम लागू, नव्यांना काही सवलत. ‘पापु’ या कसोटीला पूर्ण उतरतो, म्हणून तो किती मुरलेला आहे ते कळते.

परका कोण?

१८०९ मध्ये फिनलंड स्वीडनकडून रशियाच्या झारकडे गेला आणि १९१७ मध्ये स्वतंत्र झाला. या काळात फिनिश भाषेला शाळा, न्यायालय आणि विज्ञान यांची भाषा करण्याची मोठी चळवळ झाली. परके शब्द टाळून घरच्या धातूंवरून शब्द घडवले गेले. विजेसाठी ‘सॅहक्यो’ हा शब्द सामुएल रोस यांनी १८४५ मध्ये वापरात आणला आणि तो आजही आहे. १९०० मध्ये झारने वरिष्ठ कारभारात रशियन भाषा लादण्याचा हुकूम काढला तेव्हा त्याला फिनलंडमध्ये कडवा विरोध झाला. रशियन भाषा परकी सत्तेची खूण ठरली. पण त्या संतापातही ‘इक्कुना’ आपल्या जागी राहिली. क्रूसही राहिला, चमचाही राहिला. सत्तेच्या हुकुमाने येणारी भाषा आणि शेजाऱ्याच्या बाजारातून आलेला शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शुद्ध आणि अशुद्ध शब्दांवर वर्गात वाद झाला तर हे उदाहरण हाताशी ठेवावे. घेतलेला शब्द म्हणजे केवळ उसनवारी नव्हे, ती ठेवही असते. आपल्याकडेही अशी ठेव आहे. फारसीतून आलेला आपला ‘दोस्त’ पाहा. आजच्या इराणमध्ये त्याला ‘दूस्त’ म्हणतात. जुन्या फारसीत तिथे ओ होता. इराणने तो सोडला, मराठीने सांभाळला.

विद्यार्थ्यांना एक छोटा उद्योग देता येईल. परभाषेतून आलेले वीस शब्द गोळा करायचे आणि प्रत्येकाला ‘ला’, ‘त’, ‘चा’ लावून घरात, रस्त्यात लोक काय म्हणतात ते टिपायचे. ‘बटाटा’चे ‘बटाट्याला’ सगळेच म्हणतात, ‘सोफा’चे ‘सोफ्यावर’ही. ‘पिझ्झा’पाशी आले की काही जण ‘पिझ्झाचा’ म्हणतील, काही ‘पिझ्झ्याचा’. तो शब्द अजून उंबरठ्यावर आहे. तो घरात केव्हा येतो हे व्याकरणाचे पुस्तक ठरवणार नाही, बोलणारी मुले ठरवतील.

जाता जाता मूळ शब्दाकडे पुन्हा एकदा. स्लाव्ह ‘ओकुनो’ हा शब्द ‘ओको’ म्हणजे डोळा यावरून झाला आहे, आणि ‘ओको’चे नाते संस्कृत ‘अक्षि’शी आहे. आपल्या पूर्वजांनीही खिडकीला गाईचा डोळा, ‘गवाक्ष’, म्हटले होते. फिनिश भाषेचे कूळ वेगळे, तिला या नात्याशी काही देणेघेणे नाही. तरीही फिनिश मूल खिडकीपाशी उभे राहून ‘इक्कुना’ म्हणते तेव्हा त्या शब्दात आपल्या ओळखीचा हा डोळा असतो, आणि त्याच्या मालकाने केव्हाच हरवलेला एक उकारही.